मालक न सापडलेलं मानपत्र

मानपत्र ज्याला द्यायचं त्याला ते आधी दाखवत नाहीत. आमच्या धंद्यातला हा पहिला नियम. त्या माणसाने समारंभाच्या दिवशी खुर्चीवर बसायचं, अंगावर शाल, मांडीवर नारळ, आणि कुणीतरी माइकसमोर उभं राहून त्याचं आयुष्य त्यालाच वाचून दाखवायचं. वाचणाऱ्याने दर वाक्याला 'आपण' म्हणायचं, ऐकणाऱ्याने मान खाली घालायची. दुसरा नियम फ्रेमचा. फ्रेम ठरलेल्या मापाची येते. माणूस केवढाही असो, तो तेवढ्यातच बसवावा लागतो. एक ओळ वाढली तर दुसरी काढायची. अक्षर बारीक करून चालत नाही, कारण मानपत्र भिंतीवर टांगतात आणि ते खालून वाचता आलं पाहिजे.

या दोन्ही नियमांनी मिळून मला एकदा खाली बघायला लावलं. ते सांगण्याआधी धंद्याची थोडी ओळख करून देते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

पेडण्याच्या बाजारात आमचा छोटा छापखाना आहे. मी मूळची लाटंबार्श्याची, म्हणजे डिचोली तालुक्यातली. लग्न होऊन इथे आले तेव्हा दुकानात पायाने चालवायचं ट्रेडल मशीन होतं. आमचे हे मशीन चालवायचे, मी शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची उलटी अक्षरं, जुळवायची. ओळी उलट्या वाचायला शिकले ती तेव्हा. मग कॉम्प्युटर आला, त्यानंतर फ्लेक्स आला. खिळे गेले, पण लोकांना लागणारे कागद तेच राहिले. लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं, बाराव्याची कार्डं आणि मानपत्रं. मजकूर बहुतेकांना लिहिता येत नाही, तो मीच लिहून देते. कार्यक्रमाला बोलणारं कुणी नसेल तर सूत्रसंचालनही करते. घड्याळाकडे बघून काम करणारी बाई म्हणून पाहुण्यांना मी आवडते.

एवढी वर्षं काउंटरमागे बसलं की बाहेरचा इतिहास ऑर्डरींमधून दिसतो. भाषेचं आंदोलन पेटलं तेव्हा मराठीवाल्यांची पत्रकं आम्ही सकाळी छापायचो आणि कोकणीवाल्यांची दुपारी. एकाला दुसऱ्याचा गठ्ठा दिसू नये म्हणून मी त्यावर पोतं टाकायची. घाई दोघांनाही तेवढीच असायची आणि दोघेही एकाच भाषेत ओरडायचे, "वैनी, बेगीन करा गो!" पुढे लोखंडाच्या खाणी जोरात आल्या, खनिज वाहणाऱ्या ट्रकवाल्यांकडे पैसा आला. कारापूरचा एक ट्रकमालक मुलाच्या लग्नाची पत्रिका करायला आला. त्याला गणपतीच्या शेजारी ट्रकचा फोटो हवा होता. मी नको म्हटलं, तर म्हणाला, "वैनी, दिला गणपतीन, पण घरापर्यंत हाडला ट्रकान." घातला फोटो. काही वर्षांनी खाणी बंद पडल्या. तोच माणूस धाकट्या मुलीच्या लग्नाला साधं कार्ड घ्यायला आला. ट्रकचं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, वेळीच गिळलं. तोच कार्ड उलटसुलट बघून म्हणाला, "गणपती एकटोच बरो दिसता."

मानपत्रात विशेषणं लागतात. कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, निगर्वी. 'अजातशत्रू' हा शब्द मी इतक्या जणांना लावला, की त्यातले दोघे एकमेकांविरुद्ध पेडण्याच्या कोर्टात उभे होते. याचं मला कधी काही वाटलं नाही. हळदीला पिवळी म्हणावं तसं मानपत्रात अजातशत्रू म्हणायचं.

मला याद्या करायची सवय आहे. मानपत्राची ऑर्डर आली की विचारायच्या प्रश्नांची एक यादी काउंटरच्या काचेखाली कायम असते. पूर्ण नाव, जन्मगाव, शिक्षण, भूषवलेली पदं, व्यसन नसल्यास तसा उल्लेख. आणि माणूस खूप वयाचा असेल तर एक खास प्रश्न: गोवामुक्तीच्या वेळी कुठे होतात? याचं उत्तर बहुतेकांकडे तयार असतं. कुणी पत्रकं पोचवलेली असतात, कुणी कुणाला तरी माळ्यावर लपवलेलं असतं. लपवणारे एवढे होते तर पकडायला पोर्तुगीजांना मिळालं कोण, असा हिशेब मी कधी केला नाही. तो यादीत नव्हता.

काही वर्षांपूर्वी केरीच्या एका मंडळाने गावातल्या सर्वांत वयस्कर माणसाचा मुक्तिदिनी, म्हणजे एकोणीस डिसेंबरला, सत्कार करायचं ठरवलं. केरी म्हणजे पेडण्यातलं, तेरेखोल नदीच्या मुखाशी असलेलं, सत्तरी तालुक्यातलं नव्हे. ज्याचा सत्कार करायचा तो सगूण तारी. तारी म्हणजे होडीतून माणसं नदीपार नेणारा. पलीकडच्या तीरावर तेरेखोल गाव. ते गोव्यातच, पण नदीपलीकडे पडलेलं, आणि त्याला लागून लगेच महाराष्ट्र. फेरीबोट सुरू व्हायच्या आधी या दोन तीरांमध्ये सगूण तारीची होडी चालायची. फेरीबोट आल्यावरही ओहोटीला ती वाळूत अडायची, तेव्हा लोक त्यालाच हाक मारायचे. ऑर्डर घेऊन आला तो त्याचाच मुलगा दिगंबर. मंडळाचा सचिव तोच.

मी यादी घेऊन केरीला गेले. म्हातारा सोप्यावर जाळं सांधत बसला होता. नव्वदी ओलांडलेली, पण दंड अजून वल्ह्याचे. सगळे त्याला आबा म्हणत, मीही म्हटलं. सुनेने चहा आणि गरम उंडे, म्हणजे गोल पाव, आणून ठेवले.

"आबा, मुक्तीच्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

"रेंवेर. वाळूत."

"काय करत होता?"

"होडी उपडी घाललेली. तळाक तेल लावी होतो."

"मग?"

"मगे दुसऱ्या बाजूक लावला."

"विमान वगैरे आलं असेल ना?"

"आयला तर! वयसून गेला. माझे हात तेलाचे, हात तरी कसो हालयतलो?"

"अहो आबा, सगळ्या गोव्याचं राज्य बदलत होतं."

"बाय, होडी सुकलेली आसता तेच दिसा तेल घेता. राज्य खयच्याय दिसा बदलता."

सार्वमताचं विचारलं. गोवा महाराष्ट्रात जायचा (खूण फूल) की वेगळा राहायचा (खूण दोन पानं), यावर मतदान झालं तेव्हा तेरेखोलची मतपेटी आबाच्या होडीतून अलीकडे आली होती. बरोबरच्या अधिकाऱ्याला पोहता येत नव्हतं. पेटी बुडू नये म्हणून त्याने ती दोरीने स्वतःच्या कमरेला बांधून घेतली. "मी तेका म्हटला, सायबा, अशान पेटी वाचना, तू मात्र खात्रीन बुडतलो." आबा हसून हसून खोकायला लागला.

"आणि तुम्ही मत कुणाला दिलंत? फुलाला की पानांना?"

"मतदान गुप्त आसता, बाय," तो गंभीर होऊन म्हणाला आणि जाळं उचललं.

भाषेच्या आंदोलनाच्या वेळी दोन्ही बाजूंची पोरं एकाच होडीत बसून मोर्च्यांना निघाली होती. मधोमध भांडण जुंपलं. "उबे ऱ्हवले होडयेत! मी वल्हा उगारला. म्हटला, बसा खाली. भाशा मागीर, आदी न्हंय." न्हंय म्हणजे नदी. बाकी त्याच्या आठवणी अशा, की यादीत कुठे घालाव्यात कळेना. दशावताराची कंपनी पलीकडून यायची, तेव्हा राजा, राणी आणि राक्षस एका होडीत. त्यातला राक्षस सगळ्यात घाबरट. तेरेखोलहून आणलेल्या नवऱ्या. त्यांतल्या एकीच्याही लुगड्याचा काठ भिजू दिला नाही, हे त्याने मला पुन्हा पुन्हा सांगितलं. एकदा एक बैल नेला, तो मधेच उठून उभा राहिला. बाळंतिणी नेल्या, पाद्री नेले, प्रेतंही नेली.

शेवटी मी विचारलं, "आबा, मानपत्रात तुमची खास अशी काय गोष्ट घालू?"

त्याने जाळं बाजूला ठेवलं. "एकच घाल. माझी ओ."

"ओ?"

"पलतडसून माणूस साद घाली, 'तारीऽऽ'. हयसून मी ओ दी. ओ आयकू आयली की तो माणूस थय फातरार बसान विडी ओढी. येतलो म्हणान तेका खात्री. मी ओ दिली आनी गेलो ना, असा केन्ना जावक ना. पावसात गेलो, तापात गेलो. ह्या घाल."

आणि ती ओ कशी असायची हे दाखवायला त्याने दोन्ही हात तोंडाशी धरून अशी आरोळी दिली, की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. सून आतून धावत आली. "बाबा! शेजारी म्हणतले, हंगा काय जाला!"

"पलतडी पावली आसतली," आबा खूश होऊन म्हणाला.

मी घरी येऊन मजकूर लिहिला. मुक्तीची ओळ रिकामी राहिली होती, पण ओ आली होती, नवऱ्यांचे काठ आले होते, कमरेला बांधलेली पेटीही आली होती. अजातशत्रू वापरावा लागला नाही. मला वाटतं, आयुष्यात मी लिहिलेलं ते एकमेव मानपत्र होतं ज्यात माणूस दिसत होता.

दिगंबरने दुकानात उभ्या उभ्याच ते वाचलं.

"वैनी, मुक्तीचा हातूंत कायच ना?"

"नाही. ते होडीला तेल लावत होते."

"ता घालू नकात हां!"

"घातलेलं नाहीच."

"दोन ओळी घाला. सत्याग्रह्यांक न्हंयपार व्हरले म्हणान."

"अरे, सत्याग्रही तेरेखोलला महाराष्ट्राच्या बाजूने चालत आले. मधे नदी लागलीच नाही त्यांना. होडी कशाला हवी?"

"वैनी, थय कोण नकाशो घेवन बसतलो?"

मग त्याने आवाज उतरवला. "शाळेत मास्तर माका नावान हाक मारीनासलो. 'तारयाचो' म्हणी. पोरां वल्हा मारून दाखयत. मुक्तिदिन आसा, पणजेसून पाहुणे येतले, आनी तेंच्यासमोर परत तुमी 'तारी' म्हणानच वाचतल्यो?"

याला उत्तर होतं, तारी हेच त्यांनी भूषवलेलं पद, आणि ते मला सुचलंही होतं. पण फ्रेम दुसऱ्या दिवशी सकाळी तयार हवी होती, आणि कॉम्प्युटरवर आणखी एक लग्नपत्रिका थांबली होती. मी बसले आणि टाइप केलं: 'मुक्तिलढ्याच्या धगधगत्या काळात, काळोख्या रात्री, प्राणांची पर्वा न करता, सत्याग्रहींना आपण नदीपार नेलेत.' काळोखी रात्र दिगंबरने मागितली नव्हती. ती माझी. हातासरशी घातली, आणि वाक्य चांगलं उतरलं म्हणून बरंही वाटलं. मग मापाचा प्रश्न आला. वाढलेल्या ओळींसाठी जागा करायची तर काहीतरी काढणं भाग होतं. नवऱ्यांचे काठ काढले, पेटी काढली, तरी पुरेना. मग ओ काढली. आता मजकूर फ्रेममध्ये नेमका बसला.

मुक्तिदिनाच्या संध्याकाळी देवळासमोरच्या मांडवात गाव जमला होता. आबाला नवीन धोतर नेसवून पहिल्या रांगेसमोर खुर्चीवर बसवलं होतं. मानपत्र वाचायला मीच होते. सुरुवातीचं सगळं त्याने मान खाली घालून, कानामागे हात धरून नीट ऐकलं. मग काळोखी रात्र आली. मी आवाज थोडा चढवला, ते जमतं मला. आबाने मान वर केली. माझ्याकडे बघितलं, आणि हळूच खुर्चीतून मागे वळून रांगांमध्ये कुणाला तरी शोधायला लागला. हे ज्याच्याबद्दल चाललंय तो माणूस कुठे बसलाय, हे त्याला बघायचं होतं. लोक हसले. म्हाताऱ्याला ऐकू येत नाही, असं त्यांना वाटलं असं मी धरून चालले. टाळ्या पडल्या, 'भारतमाता की जय' झालं, फोटोवाल्याने फोटो काढला.

तो फोटो द्यायला मी काही दिवसांनी केरीला गेले. फोटोत शाल पांघरलेला आबा मागे वळून बघतो आहे, आणि मी पुढे बघून वाचते आहे.

आबाने फोटो बघितला नाही. आत जाऊन टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम घेऊन आला आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"बाय, ह्यो चुकान माझ्याकडे आयलो."

"कोण, आबा?"

"कागद. कोणा दुसऱ्याचो तो. नातीन माका परत परत वाचून दाखयलो."

"नाव तुमचंच आहे की."

"नाव माझा. माणूस दुसरो. छापतल्याकडे असा जाता, एकाची पत्रिका दुसऱ्याक जाता. तुझेर राग ना माझो." तो पुढे वाकला. "पण तू बघ. तो बिचारो काळखात जिवार उदार जावन तेंका घेवन गेलो. गोळी लागली आसती तेका. आनी तेचो कागद हय माझ्या भिंतीर! तो वाट बघी आसतलो. तुझी यादी आसता न्हय? बघ तेतूंत, कोण तो."

मी काहीतरी 'बघते' असं म्हणाले.

"आनी लोकांनी ताळयो वाजवल्यो, त्योय तेच्योच. माका फुकट पडल्यो. त्यो परत करूक जाय."

सुनेने चहा आणला.

"मगे माझो खय आसा?" आबाने विचारलं.

"काय?"

"माझो कागद. ओ आसा तो."

"छापायचा राहिलाय," मी म्हणाले. तेवढंच काय ते खरं होतं.

खरं तर तिथेच सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. वाक्यं करून देणं हाच माझा धंदा, पण मी टॉवेलासकट फ्रेम उचलली आणि बस पकडली. कंडक्टर ओळखीचा. "वैनी, कोणाचो फोटो? देवाचो काय?" "मानपत्र आहे," मी म्हणाले. "कोणाचा?" मी तिकिटाचे पैसे पुढे केले.

रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग खरं छाप आणि देऊन ये. त्यात काय एवढं?" कागदाचं ठीक होतं. टाळ्यांचं काय करायचं, हे ह्यांनाही सांगता येईना.

खरं मानपत्र छापलं. पहिल्या मजकुरातला शब्द न् शब्द ठेवला, ओ ठेवली, मुक्तीच्या रिकाम्या ओळीत होडीचं तेल घातलं, आणि ते फ्रेममध्ये मावेना म्हणून फ्रेमच मोठी करून घेतली. ती करता येते, हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं.

तेवढ्यात दिगंबरचा फोन आला. प्रजासत्ताकदिनी शाळेच्या मैदानावर झेंडा आबाच्या हातून फडकवायचं मंडळाने ठरवलं होतं, स्वातंत्र्यासाठी झटलेला माणूस म्हणून. "पण बाबा आयकना. म्हणता, झेंडो तो माणूस आयलो की तेच्या हातान लावा. वैनी, तुमीच समजावा तेका."

"समजावते," मी म्हणाले. "पण मला माइकवर दोन मिनिटं दे. त्याच लोकांसमोर."

"कित्याक?"

"टाळ्या परत करायच्या आहेत."

तो म्हणाला, "वैनी, मेल्याक मारतल्यो माका." नको मात्र म्हणाला नाही, आणि फोन ठेवला.

त्या सकाळी झेंडा हेडमास्तरांनी फडकवला. आबा पुढे खुर्चीवर, काठीवर हनुवटी टेकवून बसला होता. मागे सगळा गाव, बाया एका बाजूला, मासे विकून परतलेल्याही होत्या. मुलांची कवायत संपल्यावर मी माइक घेतला. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं. तो मी न उघडताच पर्समध्ये ठेवला.

"मुक्तिदिनाला मी देवळासमोर जे मानपत्र वाचलं," मी म्हणाले, "त्यातली सत्याग्रहींना नदीपार नेल्याची गोष्ट खरी नव्हती. ती मी लिहिली होती. त्याला वाजवलेल्या टाळ्या..."

"आगो वैनी!" बायांमधून एक मासेवाली मोठ्याने म्हणाली. "आमकां खबर आसा गो! ते पलतडसून चलत आयिल्ले न्हय! तेंका होडी कित्याक?"

सगळं मैदान हसलं. वाईट हसणं नव्हतं ते. "मानपत्रात तसाच आसता," मागून एका म्हाताऱ्याने मला धीर दिला. "माका अजातशत्रू म्हणलेल्यो तुमी. बायल अजून हासता." पुन्हा हशा.

कित्येक दिवस मी घाबरत होते की गावाला कळलं तर काय होईल. गावाला टाळ्या वाजवतानाच माहीत होतं. फक्त त्या दिवशीचंच नव्हे. आजवर मी लिहिलेलं, आवाज चढवून वाचलेलं एकही मानपत्र कुणी खरं मानलं नव्हतं. सोनेरी बॉर्डर, मखमली पुठ्ठा, आपण आपण करत केलेली ती वाक्यं म्हणजे लोकांच्या लेखी पेढ्यावरचा वर्ख. एवढ्या वर्षांत एकाच माणसाने, माइकवर वाचतात ते खरंच असतं असं समजून, शब्द न् शब्द ऐकला होता. आणि तो मागे वळून त्या माणसाला शोधायला लागला, तेव्हा त्यालाच सगळे हसले होते. मीही पुढचं वाक्य वाचत राहिले होते.

दिगंबर खाली बघत उभा होता. मी मोठी फ्रेम उचलली आणि खरं मानपत्र वाचायला लागले. आवाज चढवला नाही, चढलाही नसता. उपडी होडी आली, तेल आलं. लोक हसले. मतपेटी आली, घाबरट राक्षस आला, लोक आणखी हसले. नवऱ्यांच्या काठांवर एक म्हातारी उठून "खरा गो! माझोय काठ सुकोच होतो!" म्हणाली. मग मी वाचलं, "पलीकडच्या तीरावरून कुणीही साद घातली, तारीऽऽ..."

"ओऽऽऽ!"

आबा खुर्चीवरून उठला नव्हता, हातही तोंडाशी नेले नव्हते. मैदानाच्या कडेच्या आंब्यावरचे कावळे उडाले. हसणं थांबलं. पुढची ओळ मी वाचली की नाही, मला आठवत नाही. टाळ्या वाजवायच्या का, हे कुणालाच कळेना, आणि त्या वाजल्या नाहीत. दिगंबरने पुढे येऊन माझ्या हातातून फ्रेम घेतली आणि छातीशी धरून बापाजवळ जाऊन उभा राहिला.

"ह्यो माझो," आबाने काचेवर बोट ठेवून खात्री करून घेतली. मग माझ्याकडे बघितलं. "आनी तो? तो सापडलो?"

आता मात्र सांगणं भागच होतं. मघाचं माइकवरचं त्याला नीट ऐकू आलं नव्हतं, की पटलं नव्हतं, कोण जाणे.

"आबा, तसा माणूस नाही. मी रचला तो."

"तू रचलो?"

"हो."

मी त्याच्या रागाची वाट बघत होते. राग आला असता तर बरं झालं असतं.

"ना गो, बाय," तो शेवटी म्हणाला, चुकलेल्या पोरीला समजवावं तशा आवाजात. "तसो कोण तरी आसतलोच. गोंयात न्हंयो थोड्यो आसात? खयच्या तरी न्हंयेर, काळखात, गेलोच आसतलो कोण तरी. तेका कागद मेळाक ना, इतलाच. तू सोद तेका, सापडतलो."

मग मुलाच्या खांद्यावर हात ठेवून तो घरी गेला.

आबा आता नाही. ती मोठी फ्रेम त्याच्या घरी भिंतीवर आहे. दुसरी माझ्या दुकानात, काउंटरच्या मागे. तिच्यातल्या नावावर मी कोऱ्या कागदाची पट्टी चिकटवली आहे. गिऱ्हाइकं विचारतात, हे कुणाचं. मानपत्राची ऑर्डर आली की मी आता म्हणते, ज्यांना द्यायचं त्यांना आधी वाचून दाखवूया. बहुतेकांना ते चालत नाही. ते म्हापशाला जाऊन करून घेतात.

काचेखालच्या यादीत एक प्रश्न वाढला आहे. नदीकाठच्या गावचं कुणी म्हातारं माणूस बाराव्याचं कार्ड सांगायला आलं, नातवाची पत्रिका घ्यायला आलं, की मजकूर उतरवून झाल्यावर मी विचारते, "तुमच्या गावात पूर्वी तारी कोण होता हो?" ते आठवून नाव सांगतात. कुठल्या पावसात त्याने कुणाला नेलं, ते सांगतात. मी ऐकते आणि लिहून घेते. आणि विचारते, "काळोखात कधी गेला होता का?"